गोफाची उकल

"मॅडम, ऐकू नका. हात ठेवून बघा."

हे आमचे सर सगळ्यांनाच सांगायचे. ऑफिसातला एसी घरघरायला लागला, कॅन्टीनमधला फ्रीज कण्हायला लागला, की आम्ही कान टवकारायचो आणि ते उठून त्या यंत्रावर सरळ तळहात टेकायचे. डोळे मिटायचे. चार-पाच सेकंदांत निकाल. "बेअरिंग गेलंय." नाहीतर, "मागच्या बाजूचा स्क्रू सैल आहे, डावीकडचा." दुरुस्तीवाला यायचा, उघडून बघायचा आणि डावीकडचाच निघायचा.

एकदा लिफ्टच्या भिंतीला हात लावून मला म्हणाले, "उद्या जिन्यानं जाऊ." दुसऱ्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत आमचा चिनी मॅनेजर होता. सुटका झाल्यावर तो घाम पुसत सरांकडे आला आणि सिंगापुरी लकबीत ओरडला, "तुला कळलं होतं तर मला सांगायचं ना, लाह!" सर शांतपणे म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आम्ही सात वर्षं एकत्र होतो. मी हिशेब तपासणीत, ते चाचणी विभागात. नवीन बनवलेलं उपकरण एका जाड लोखंडी टेबलावर घट्ट बसवायचं आणि ते टेबल तासन्‌तास हादरवायचं. कुठे तडा जातो, काय निखळतं ते बघायचं, असं त्यांचं काम. सगळं ऑफिस मॅनेजरला नुसत्या नावानं हाक मारायचं, पण आम्ही दोघं मराठी माणसं एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणत राहिलो. सात वर्षांत त्यात बदल झाला नाही. माझं आडनाव ऐकल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी जेवढं अंतर धरलं होतं, तेवढंच त्यांनी पुढेही राखलं. मला ते संकोची वाटायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं अंतर आपण त्यांचा स्वभाव म्हणून सोडून देतो.

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ते कधी येत नसत. जुरोंग ईस्टच्या आसपासच्या पन्नासेक कुटुंबांचं आमचं छोटं मंडळ. गणपती, दिवाळी, कोजागिरी. मी दरवर्षी आमंत्रण द्यायची, ते दरवर्षी म्हणायचे, "गाणं-बजावणं आपल्यात नाही, मॅडम."

मी व्हायोलिन वाजवते. पुण्यात लहानपणी शिकले, इथे आल्यावर नेटानं टिकवलं. त्या वर्षी मंडळात गोफ बसवायचं ठरलं. गोफ तुम्हाला माहीत असेल. वर मधोमध रंगीत दोऱ्या बांधायच्या, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एकेक टोक. नाचता नाचता एकमेकांच्या आतून-बाहेरून जायचं, की दोऱ्यांची वेणी गुंफली जाते. मग उलटं नाचून ती वेणी सोडवायची. गुंफण सोपी. खरी परीक्षा उकल करताना.

चालीसाठी मी नेटवर शोधत होते, तेव्हा एका गावच्या नृत्यपथकाचा व्हिडिओ सापडला. माणदेशातलं गाव, देवळाचं अंगण, पेटीवर वाजवलेली एक वेगवान, अंगात भिनणारी चाल. खाली लिहिलं होतं, 'आमच्या गावचा पारंपरिक गोफ'. मी ती चाल व्हायोलिनवर उतरवून घेतली. गंमत अशी, की त्या व्हिडिओत पोरं वेणी गुंफतात आणि सोडवत नाहीत. दोऱ्या तशाच टाकून हात वर करून उभी राहतात. आम्ही सोडवायचा प्रयत्न केला, तर दर वेळी गाठ. बायका एकमेकींवर आपटायच्या, हसायच्या, मग वैतागायच्या.

घरी सरावाला वेळ मिळेना. ऑफिसात आवाज तपासायची एक खोली होती. भिंतींना, छताला स्पंजचे सुळके. आत टाळी वाजवली तर ती जागीच मरायची. जेवणाच्या सुट्टीत तिथे वाजवू का, असं मी सरांना विचारलं. ती खोली त्यांच्या ताब्यात होती. "वाजवा की," म्हणाले, आणि किल्ली दिली.

दुसऱ्याच दिवशी वाजवत असताना दार उघडलं गेलं. ते दारात उभे होते. हातात डबा तसाच, न उघडलेला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सगळं रक्त कुठेतरी खाली उतरल्यासारखा.

"ही चाल कुठून आणली?"

मी व्हिडिओचं सांगितलं. गावाचं नाव सांगितलं.

त्यांनी व्हायोलिनकडे पाहिलं. मग म्हणाले, "अर्धी आहे," आणि दार लावून निघून गेले.

आठवडाभर ते कॅन्टीनमध्ये आले नाहीत. मग एके दिवशी आपणहून माझ्या समोर येऊन बसले. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून आणलेलं माशाचं सूप होतं. काटे काढून बशीच्या कडेला एका रेषेत लावत त्यांनी जे सांगितलं, ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत सांगते.

"ते माझं गाव आहे, मॅडम. ती चाल माझ्या पणज्याची. आमच्याकडे कोका वाजवायचे. नारळाची करवंटी, दोन तारा, घोड्याच्या केसांचा गज. शिमग्याला देवळाच्या अंगणात गावातली पोरं गोफ नाचायची आणि आमच्या घरच्यानं वाजवायचं. तो हक्कही होता आणि सक्तीपण. अंगणाला पुरुषभर उंचीची भिंत. नाच भिंतीच्या आत. वाजवणारा बाहेर, धोंड्यावर."

"म्हणजे नाच दिसत नसे?"

"नाही. पणज्यानं बघितला नाही, आज्यानं बघितला नाही. चाळीस वर्षं वाजवलं. पायांचा आवाज ऐकायचे. कोण कुठे वळला, कुणाचा पाय चुकला, सगळं त्याच्यावरून."

उकलीची गोष्ट अशी होती. वेणी गुंफताना सगळे एकाच लयीत पळाले तरी चालतं. सोडवताना मात्र अर्ध्यांनी क्षणभर थांबून समोरच्याला आपल्या दोरीखालून जाऊ द्यावं लागतं. पोरांना ते जमायचं नाही, गाठ पडायची, आणि गाठ पडली की दोष बाहेर बसलेल्याचा. शिव्या त्याला, मारही त्याला. पणज्यानं भिंतीपलीकडून पाय ऐकून ऐकून त्यावर उपाय काढला. उकलीची वेगळी चाल रचली. सात मात्रा वाजवायच्या, आठवी रिकामी सोडायची. त्या रिकाम्या मात्रेला एक फळी आपोआप थबकायची, दुसरी खालून जायची. पोरांना वाटायचं, आपण नाचतोय म्हणून वेणी सुटतेय.

"मग धर्मांतर झालं," ते म्हणाले. "वस्तीनं ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. हलग्या, सनया, कोके, सगळं पडक्या विहिरीत टाकलं. शिमग्याला गावातनं बोलावणं आलं. आजा नाही म्हणाला. दुसऱ्यांदा आलं. नाही म्हणाला. तिसऱ्यांदा आले ते न्यायलाच. देवळाच्या पायरीवर डावा हात धरला आणि वरवंट्यानं चार बोटं ठेचली. अंगठा ठेवला."

मी काहीतरी म्हटलं असणार. मला आठवत नाही.

"आजा म्हणायचा, बरं झालं. आता विचारायला येणार नाहीत." ते किंचित हसले. "त्या वर्षी पोरं बिनवाजपाची नाचली. गाठ पडली. शेवटी विळ्यानं दोऱ्या कापल्या. तेव्हापासून गावाचा गोफ अर्धाच. पुढची चाल फक्त आमच्या घरात राहिली. आजा चिलीम ओढताना गुणगुणायचा. वडलांनी ती उचलली, वडलांची मी. मोठ्यानं कुणी म्हटली नाही कधी."

मी लगेच, त्याच बैठकीत, ती चाल मागितली. ही माझी पहिली चूक. त्यांनी तिचा राग धरला नाही. तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले.

"देतो. एकच गोष्ट करायची. नाच सुरू व्हायच्या आधी स्टेजवरून आज्याचं नाव घ्यायचं. ही चाल त्यांच्या घरची आणि ते भिंतीबाहेर बसून वाजवायचे, एवढं सांगायचं. दोन वाक्यं."

"सर, दोनच काय, मी स्वतः..."

"दोनच. जास्त नको."

मी शब्द दिला.

चार शनिवार मी जुरोंग ईस्टहून पाच स्टेशनं पलीकडे क्वीन्सटाउनला त्यांच्या घरी गेले. जुन्या ब्लॉकमधला तीन खोल्यांचा फ्लॅट, आरशासारखा लख्ख. कपाटावर बुद्धाची मूर्ती आणि भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, ज्याला मराठी घरात नाव सांगावं लागत नाही. वहिनी पहिल्या दिवशी चहा ठेवून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. दुसऱ्या शनिवारी दारातच मला म्हणाल्या, "मला हे पसंत नाही, मॅडम. सासरे जाईपर्यंत सांगत होते, ते गावाबरोबर गेलं, जाऊ दे. पण ह्यांनी कधी नव्हे ते मनावर घेतलंय, म्हणून मी गप्प आहे."

ते व्हायोलिनला हात लावत नसत. सोफ्यावर ताठ बसून गुणगुणायचे आणि मी मागून वाजवायची. आठव्या मात्रेला श्वास रोखायचे. "इथं घाई करू नका. समोरचा माणूस वाकून जातोय. जाऊ द्या त्याला." मी पुन्हा वाजवायची. "अजून घाई होतेय. तुम्हाला तो दिसत नाही ना, म्हणूनच थांबायचं." तिसऱ्या शनिवारी मधेच उठून ते आत जाऊन पडले. म्हणाले, पोटात जरा दुखतंय. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. ते एवढे कधी वाळले, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं लक्ष चालीकडे होतं.

चौथ्या शनिवारी चाल पूर्ण बसली. त्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून ऐकली, आणि शेवटी म्हणाले, "हां. अशी."

पुढच्या तालमीला मी ती वाजवली आणि आमच्या बायकांची वेणी पहिल्या फटक्यात सुटली. एकेक दोरी मोकळी होत गेली, पिवळी, हिरवी, लाल, आणि शेवटी आठ जणी आठ दोऱ्या धरून उभ्या.  मग सगळ्या लहान मुलींसारख्या ओरडल्या.

निवेदनाचा कागद मी अध्यक्षांना दिला. आमचे अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण माणूस खरंच मनमिळाऊ. कुणाचं दुखलंखुपलं तर सगळ्यांत आधी पोचणारे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"अगं, हे कशाला?"

मी सगळं सांगितलं. बोटांचंसुद्धा.

"वाईट झालं. फारच वाईट. पण मुलं पहिल्यांदा गोफ बघणार आहेत. त्यांना बोटं ठेचल्याचं सांगायचं? आणि इथे कोण जात पाळतं सांग बरं. आपण ते सगळं तिकडेच सोडून आलो."

"बोटांचं नको सांगायला. नुसतं नाव घेऊ."

"नाव घेतलं की, हे कोण, कुठले, बाहेर का बसायचे, हे सगळं आलंच. आनंदाचा कार्यक्रम आहे. आपण असं करू, 'एका ज्येष्ठ लोककलावंतास समर्पित' म्हणू. झालं."

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही दिसतंय. मी व्हायोलिन पेटीत ठेवून घरी जायला हवं होतं. दहा दिवसांवर कार्यक्रम होता. आठ जणींनी साड्या घेतल्या होत्या. मी म्हटलं, "बरं." आणि सरांना सांगितलं नाही. रोज ठरवायची, उद्या सांगू.

ते आले. पहिल्यांदाच मंडळाच्या कार्यक्रमाला आले. नवा पांढरा शर्ट, शेजारी वहिनी, कडक इस्त्रीची निळी साडी. पाचव्या रांगेत कडेला बसले. दारात वाटलेली कार्यक्रमाची पत्रिका त्यांच्या मांडीवर होती. तिच्यात छापलं होतं: 'पारंपरिक गोफ. संगीत:' आणि पुढे माझं नाव. मी ते तसं दिलं नव्हतं. पण छापून आल्यावर खोडायलाही गेले नव्हते.

निवेदिका म्हणाली, "महाराष्ट्राच्या मातीतला, आपल्या सर्वांचा, गोफ!" आयत्या वेळी तिच्याकडून ते समर्पितचं वाक्यसुद्धा राहून गेलं. टाळ्या पडल्या. मी गज उचलला आणि वाजवलं.

मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. आठवी मात्रा रिकामी सोडली की सगळं सभागृह श्वास धरत होतं. वेणी सुटत गेली. शेवटच्या टाळ्यांत मी पाचव्या रांगेकडे पाहिलं. दोन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या. पत्रिका एका खुर्चीवर व्यवस्थित घडी करून ठेवलेली.

सोमवारी मी त्यांच्या विभागात गेले. लोखंडी टेबल हादरत होतं. ते पडद्यावरच्या रेषा बघत होते.

"सर, माझं चुकलं."

"वाजवलंत चांगलं, मॅडम."

"मी अध्यक्षांना सांगितलं होतं. त्यांनी..."

त्यांनी टेबल बंद केलं. खोली एकदम शांत झाली. ते रागावलेले नव्हते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्या आज्याला निदान भिंत दिसत होती," ते म्हणाले. "मला वाटलं, मी आत बसलोय."

त्यानंतर त्यांनी जेवणाची वेळ बदलली. समोर भेटले तर मान हलवायचे. 'मॅडम' म्हणायचे. सात वर्षांत कमावलेलं जे काही थोडं होतं, ते गेलं आणि मला तक्रारीला जागा नव्हती.

दिवाळीनंतर ते रजेवर गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, हे मला कंपनीच्या ई-मेलवरून कळलं. चाचणी विभागात एक नवा इंजिनिअर आला. चिनी मुलगी, हुशार, नम्र. ती कानाला यंत्र लावून आवाज मोजायची.

मी वहिनींना मेसेज करत होते. उत्तर येत नसे. मार्च संपता संपता अचानक त्यांचाच फोन आला. "हे बोलावताहेत. या."

हॉस्पिटलच्या खाटेवर ते इतके थोडे उरले होते, की चादरीखाली माणूस आहे हे चटकन कळत नव्हतं. आवाज मात्र होता. त्यांनी वहिनींना खूण केली. वहिनींनी फोनवर एक व्हिडिओ लावून माझ्यापुढे धरला.

तेच गाव. तेच देवळाचं अंगण. यंदाचा शिमगा. पथकातली पोरं भगव्या फेट्यांत गोफ नाचत होती. पेटीच्या जोडीला या वेळी एक व्हायोलिनवाला होता. वेणी गुंफून झाली, आणि मग त्यानं उकल वाजवायला घेतली. सात मात्रा आणि एक रिकामी. सात आणि एक रिकामी. पोरं थबकत होती, वाकून जात होती, वेणी सुटत होती. शेवटी दोऱ्या मोकळ्या झाल्या तेव्हा गावानं शिट्ट्यांनी अंगण डोक्यावर घेतलं. ध्वनिक्षेपकावर कुणीतरी ओरडत होतं, "आपल्या वाडवडलांचा ठेवा!"

आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मंडळातल्या कुणीतरी नेटवर टाकला होता. गावच्या पथकानं चाल तिथून उचलली होती. जी चाल बोटं ठेचूनही गावाला मिळाली नव्हती, ती मी नेऊन दिली. बिननावाची.

"चुलतभावानं पाठवलं," ते म्हणाले. "तो तिथंच असतो."

"मी लिहिते, सर. त्या व्हिडिओखाली लिहिते. आज्यांचं नाव, बोटांचं, सगळं. आजच लिहिते."

"नको."

"का नको? आता तरी..."

"मॅडम, माझा चुलतभाऊ तिथंच राहतो. त्याच्या पोरी त्याच रस्त्यानं शाळेत जातात. तुम्ही इथनं लिहाल. उत्तर त्याच्या दारात येईल." दम लागला म्हणून ते थांबले. "स्टेजवर, परक्या देशात, दोन वाक्यं. तेवढीच जागा होती. ती गेली."

मी रडायला लागले. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. कुणी मला थोपटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "एक सांगायला बोलावलंय. ती उकल तुम्हाला दिली होती. ती मी परत घेतो. वाजवू नका."

"नाही वाजवणार."

"सरावालासुद्धा नाही."

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. उठून दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "छत्री राहिली, मॅडम." छत्री घेऊन मी निघाले. ते शेवटचं बोलणं.

एप्रिलमध्ये ते गेले. सिंगापूरच्या ज्या भागात अंत्यसंस्कार होतात, त्याचं नाव मंडई. इथे नवीन आलेला मराठी माणूस हे ऐकून एकदा तरी हसतो. मीही हसले होते, कधीकाळी. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं, मागून दहा-बारा आवाज. त्यात अभियंते होते, संशोधक होते, त्यांचे तरुण मित्र, ज्यांच्याबद्दल सात वर्षांत मला काहीही माहीत नव्हतं. आमचा मॅनेजर काळा शर्ट घालून आला होता आणि मोठ्यानं रडत होता. मी शेवटच्या रांगेत उभी राहिले. मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला, 'लोककलेचा जाणकार हरपला', आणि त्याखाली हात जोडलेली पन्नास चित्रं. एवढं मला दिसलं आणि मी फोन बंद केला.

मंडळानं पुढच्या वर्षी पुन्हा गोफ घ्यायचा म्हटला. मी नाही म्हणाले आणि कारण सांगितलं, भर सभेत, त्यांच्या किंवा गावाच्या नावाशिवाय. काही जण गप्प झाले, काहींना मी नाटकी वाटले. चाल कुणीतरी कीबोर्डवर बसवली. व्हिडिओ होताच.

नाव लिहू नका, असं त्यांनी मला सांगितलं, म्हणून या लेखात त्यांचं नाव नाही, आज्याचं नाही आणि गावाचंही नाही. हकीकत सांगू नका, असं ते म्हणाले नव्हते. ही माझी पळवाट आहे, हे मला कळतं.

ते गेले त्याच वर्षी मे महिन्यात वहिनी फ्लॅट सोडून नागपूरला मुलीकडे निघाल्या. मदतीला येऊ का, असं मी विचारलं होतं. "नको" असं उत्तर आलं होतं. तरी गेले. दाराबाहेर तीन खोकी होती. वहिनी लोखंडी ग्रिल पुसत होत्या, घर परत द्यायचं म्हणून.

त्यांनी शेवटची सळई पुसून घेतली. मग फडका पिळता पिळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात तापात गुणगुणायचे. तेच. एक नर्स होती, केरळची. तिनं विचारलं, अंकल, कुठलं गाणं आहे, छान आहे. तर एकदम गप्प झाले. त्यानंतर पाच दिवस होते. पाणी मागितलं, लेकीला बोलावलं. पण ते परत तोंडातून काढलं नाही."

"तुम्हाला येतं का, वहिनी?"

"मला?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "माझ्यापुढे कधी पुरं म्हटलंय त्यांनी? तुमच्यापुढे म्हटलं."

एक खोकं मी उचलायला वाकले. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, लिफ्टपर्यंत स्वतः नेलं, आणि उरलेल्या दोन खोक्यांसाठी परत आल्या. मी बाजूला सरून वाट दिली.